जास्वंदीवरचा कापूस, गायब होणारा पालक आणि उष्टे पेरू

पुण्यात बावधनमधील आपल्या बंगल्याच्या बागेत जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस साचतो, पालकाची कोवळी रोपे एका रात्रीत नाहीशी होतात आणि पेरू पिकण्याआधीच अर्धवट खाल्लेले सापडतात, असे आपण लिहिले आहे. या तिन्हींवर चालेल असे एक औषध आपल्याला हवे आहे. परंतु खाणारे तीन वेगळे असल्यामुळे, आणि त्यांपैकी दोघांना फवारणीची फारशी पर्वा नसल्यामुळे, तसे औषध सुचवता येत नाही.

जास्वंदीवर पडला आहे तो पिठ्या ढेकूण (मिलीबग) ही कीड. त्याच्या अंगावरील मेणाच्या थरामुळे औषध आतपर्यंत पोहोचत नाही, म्हणून आधी पाण्याच्या जोरदार धारेने शेंडे धुवावेत, फार माखलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाकावेत आणि मगच फवारणी करावी. एक लिटर पाण्यासाठी पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल पुरते. ते थोड्या द्रवरूप साबणात आधी घोटून घ्यावे, नाहीतर तेल वर तरंगत राहते. फवारणी ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने करावी आणि आठवड्याने पुन्हा करावी, कारण अंड्यांतून नव्याने निघालेल्या पिल्लांवर मेण नसते आणि तीच फवारणीच्या तावडीत खरी सापडतात.

त्याच वेळी खोडाकडे लक्ष द्यावे. मुंग्यांची रांग वर जात असेल, तर त्या ढेकणांनी टाकलेल्या गोड चिकट द्रवासाठी जातात आणि ढेकणांना खाणाऱ्या कीटकांना हुसकावून लावतात. खोडाभोवती कापडाची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावावे (सालीवर थेट नको) आणि भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेल्या फांद्या कापाव्यात. ढेकणांमध्ये त्यांच्यासारखीच पांढरी, पण आकाराने मोठी आणि चपळ अळी दिसली, तर तिला मारू नये; ती बहुधा ढेकणांवर जगणाऱ्या क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी असते. 2008 मध्ये कोइमतूर भागात पपईवर आढळलेला परदेशी पिठ्या ढेकूण पुढे आटोक्यात आला, तोही 2010 मध्ये पोर्तो रिकोहून आणलेल्या चिमुकल्या परोपजीवी कीटकांमुळे. जहाल कीटकनाशक मारले, तर अशी मदतच आधी संपते.

पालकाच्या वाफ्यावर सकाळी वाळलेला चकचकीत पट्टा दिसतो का, ते पाहावे. दिसत असेल, तर हे काम शंखी गोगलगायीचे आहे. पावसाळी संध्याकाळी वाफ्याजवळ ओले गोणपाट अंथरून त्याखाली पपईची साले ठेवावीत, अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या दाट पाण्यात टाकाव्यात. हे पाणी मातीत ओतू नये. उघड्या हाताने त्यांना धरू नये, कारण त्यांच्या अंगात माणसाला अपायकारक कृमी असू शकतात. कुंड्यांखाली आणि भुसभुशीत मातीत साबुदाण्याहून जरा मोठी, पिवळसर अंडी पुंजक्याने मिळतात. एका पुंजक्यात ती शेकडो असू शकतात, त्यामुळे अंडी वेचणे मला सर्वांत फायद्याचे वाटते. राखेचे कडे पुण्याच्या जुलैत एका सरीत वाहून जाते. गोगलगायी मारण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या मेटाल्डिहाइड या विषाच्या गोळ्या कुत्र्यांना विषारी असतात, तेव्हा घरात कुत्रा असल्यास त्या आणूच नयेत.

पट्टा नसेल आणि शेंडे पहाटे खुडलेले असतील, तर टेकडीकडून उतरणाऱ्या मोरांवर संशय घ्यावा. मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. त्याला इजा होईल असे काही न करता रोपे हातभर होईपर्यंत वाफ्यावर तारेच्या जाळीची चौकट ठेवावी.

पेरूंचे पाहायचे तर झाडाखाली चघळून टाकलेल्या चोथ्याचे बोळे वटवाघळांची खूण आहेत, दातांनी कुरतडलेली साल खारीची, तर चोचीचे खड्डे पोपट-बुलबुलांचे. उपाय मात्र बहुतांशी सारखाच आहे: फळ लिंबाएवढे झाले की त्यावर मलमलीची पिशवी बांधावी, जिच्यामुळे फळमाशीही अंडी घालू शकत नाही, खार चिकाटीची असेल, तर कापडाऐवजी बारीक तारेची पिशवी लागते. पूर्ण झाडावर सैल नायलॉनची जाळी टाकू नये, तीत पक्षी आणि साप अडकून मरतात. वरच्या फांद्यांवरील हाती न येणारे पेरू मी तरी पाखरे, खारी आणि वटवाघळांसाठीच सोडतो.