शेवाळाच्या प्रयोगात आठ दिवस झाले तरी पाणी हिरवं का होत नाही?

तुम्ही लिहिलंय की मुलगी नववीत आहे आणि विज्ञान प्रदर्शनाला तीन आठवडे उरलेत. तिने कंबर तलावाचं थोडं पाणी जारच्या पाण्यात मिसळून तीन बाटल्या भरल्या: एक साधी, एकीत चिमूटभर युरिया, एकीत चमचाभर. आठ दिवसांत हिरवं काहीच नाही, उलट चमचाभरवाली पांढुरकी झालीय.

मी सोलापुरातच शाळेत विज्ञान शिकवतो आणि हा प्रयोग मुलांकडून बऱ्याचदा करून घेतलाय. तीन आठवडे पुरतील, पण आजच नव्याने सुरुवात करा.

पहिली अडचण जारच्या पाण्याची. ते आरओचं असतं, त्यातले क्षार जवळजवळ सगळे निघून गेलेले असतात. त्यात शेवाळाची उपासमार होते. नळाचं पाणी घ्या आणि क्लोरीन उडून जावा म्हणून एक दिवस उघडं ठेवा. आपल्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे साठवलेलं पाणी घरात असेलच. ते चालेल.

दुसरी अडचण युरियाची. त्यात ४६ टक्के नायट्रोजन असतो, फॉस्फरस मात्र अजिबात नसतो. चमचाभर म्हणजे साधारण ५ ग्रॅम. लिटरभर पाण्यात तो टाकला की दोन ग्रॅमहून जास्त नायट्रोजन झाला. शेवाळाला लिटरमागे वीस-पंचवीस मिलिग्रॅम भरपूर होतो. कॅनडात डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने १९७३ मध्ये 'तलाव २२६' मधोमध पडदा लावून दुभागला. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन दिला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तेवढीच बाजू हिरवीगार झाली. तुमच्या मुलीला हाच प्रयोग चार बाटल्यांत करता येईल, आणि 'जास्त खत, जास्त शेवाळ' यापेक्षा हा प्रश्न कितीतरी चांगला आहे.

फॉस्फरससाठी कृषी सेवा केंद्रात 'झिरो बावन्न चौतीस' (०-५२-३४) नावाचं खत मागा. आपल्याकडचे द्राक्ष-डाळिंबवाले ते ठिबकमधून सोडतात, पाण्यात पूर्ण विरघळतं. युरिया आणि हे, प्रत्येकी १ ग्रॅम वेगवेगळ्या १०० मिली पाण्यात विरघळवा. मग एक बाटली नुसती, दुसरीत युरियाचं द्रावण ५ मिली, तिसरीत झिरो बावन्न चौतीसचं दीड मिली, चौथीत दोन्ही. प्रत्येक बाटलीत एक लिटर पाणी आणि तलावाचं ५० मिली. तलावाचं पाणी आधी दुहेरी फडक्यातून गाळा, नाहीतर त्यातले बारीक किडे शेवाळ फस्त करतात. तोंडाला पातळ कापड बांधा, म्हणजे हवा जाईल आणि डास अंडी घालणार नाहीत.

आता मोजणी. मुलं वहीत 'थोडं हिरवं', 'जास्त हिरवं' असं लिहितात. एका वर्षी माझ्या वर्गातल्या दोघांचं याच्यावरून भांडण झालं. एक म्हणे, "सर, कालच्यापेक्षा हिरवं झालंय की!" दुसऱ्याला काहीच फरक दिसेना. दोघंही खरंच बोलत होती. तेव्हापासून आम्ही पांढऱ्या कागदावर काळी फुली काढतो, त्यावर उंच मोजपात्र ठेवतो, बाटली नीट हलवून पाणी हळूहळू ओततो आणि वरून बघतो. फुली दिसेनाशी होते ती उंची सेंटीमीटरमध्ये लिहायची. पाणी जितकं दाट, तितकी उंची कमी. सगळं पाणी भरूनही फुली दिसत राहिली, तर 'यापेक्षा जास्त' अशी नोंद करा. पहिले काही दिवस तसंच होईल. पाणी पुन्हा त्याच बाटलीत ओता आणि मोजपात्र दर वेळी धुवा.

मोजणी रोज, ठरलेल्या वेळी. आमच्या एका गटाने गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीत चार दिवस नोंद सोडली आणि नेमकी त्याच चार दिवसांत वाढीची मोठी उडी झाली. आलेखात ती जागा रिकामी राहिली, याचं मुलांना फार वाईट वाटलं. मलाही वाटलं, कारण सुट्टीत वही कोण सांभाळणार हे मी ठरवून द्यायला हवं होतं.

बाटल्या पूर्वेच्या खिडकीत ठेवा आणि त्यांच्या जागा रोज आपसात बदला, कारण कडेच्या बाटलीला ऊन जास्त मिळतं. गच्चीवर ठेवू नका. मार्चमध्ये मी एकदा ठेवल्या होत्या. दुपारी पाणी हात भाजेल इतकं तापलं आणि दोन दिवसांत सगळं शेवाळ राखी तपकिरी पडलं. आपल्या कोरड्या हवेत पाणी पटापट आटतंही, म्हणून पातळीवर खूण करा आणि तेवढंच साधं पाणी वर घाला, नाहीतर वाढ नसताना पाणी दाट दिसेल.

चौथी बाटली हिरवी होऊन पुढे पिवळट पडू लागली, तर ती ओतून देऊ नका. तिथलं अन्न संपत आलेलं असू शकतं. त्या दिवसांचे आकडेही वहीत यायला हवेत.