‘गेट’ म्हणजे मिळणे, तर मग ‘आय गॉट वेट’चं काय?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मुलांनी ‘गेट म्हणजे मिळणे’ एवढंच पाठ केलंय आणि ‘आय गॉट वेट’ला ती अडतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना आणखी अर्थ पाठ करायला देऊ नका. ‘गेट’च्या पुढं काय आलंय ते बघायला लावा.

पुढं वस्तू असेल तर मिळणे किंवा आणणे: ‘आय गॉट अ जॉब’, ‘गेट मी सम वॉटर’. विशेषण असेल तर होणे. म्हणून ‘आय गॉट वेट’ म्हणजे ओला झालो, म्हणजेच भिजलो. ‘टू’ आणि गाव आलं तर पोचणे: ‘वी गॉट टू बेळगाव ॲट नाइन’. होम, हिअर, देअर यांच्याआधी मात्र हा ‘टू’ येत नाही.

खरी मेख कर्त्यात आहे. ‘मला नोकरी मिळाली’ किंवा कन्नडमधलं ‘ननगे केलस सिक्कितु’, दोन्हीकडे कर्ता नोकरी आणि माणूस चतुर्थीत. इंग्रजीत माणूसच कर्ता होतो. पण ‘मला’चं ‘आय’ करायचं एवढंच सांगून सोडलं, की मुलं ते सगळीकडे लावतात आणि ‘मला उशीर होतोय’चं ‘आय ॲम गेटिंग लेट’ करतात. आपल्याकडे हे सर्रास चालतं, तरी ‘आय ॲम रनिंग लेट’ शिकवा. ‘इट्स गेटिंग लेट’ म्हणजे बराच वेळ झाला, निघायला हवं.

सगळ्यात जास्त सराव ‘करून घेणे’चा घ्या. ‘मी केस कापले’ हे मराठीत न्हाव्याकडे जाऊन आल्यावरही चालतं. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की कात्री तुमच्याच हातात. म्हणून ‘आय गॉट माय हेअर कट’: आधी गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. सायकल दुरुस्त करून घेतली तर ‘आय गॉट माय सायकल रिपेअर्ड’. ‘गॉट रिपेअर्ड माय सायकल’ असा क्रम उलटला की वाक्य मोडतं. ज्याच्याकडून काम करवून घेतलं तो माणूस सांगायचा असेल तर ‘टू’ हवा: ‘आय गॉट हिम टू रिपेअर इट’. ‘मेक’ वापरलं तर ‘टू’ नको: ‘आय मेड हिम रिपेअर इट’.

बसमधून उतरणे ‘गेट ऑफ’, कारमधून ‘गेट आउट ऑफ’. ‘गेट डाउन’ ही आपल्याकडची बोली. ‘आय हॅव गॉट अ सायकल’ म्हणजे माझ्याकडे सायकल आहे; ती मिळाली कुठून याच्याशी संबंध नाही. आणि अर्ज किंवा औपचारिक पत्र लिहिताना ‘गेट’ टाळून ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’ किंवा ‘बिकम’ घ्यायला सांगा.