‘कॅबरे’: नाच की जागा?

प्रश्न असा आहे: युरोपातल्या आधुनिक कलेवरच्या एका लेखाचं भाषांतर करताना ‘कॅबरे व्होल्तेर’ हे नाव आलं. मराठी वाचकाला कॅबरे म्हटलं की हेलन आठवते, मग ‘कलावंतांचा कॅफे’ असं लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. कॅबरे हाच शब्द ठेवावा.

फ्रेंचमध्ये कॅबरे म्हणजे मुळात दारू प्यायला बसायची साधी जागा, आपल्या भाषेत गुत्ता. कोशकार हा शब्द ‘छोटी खोली’ या अर्थाच्या, उत्तर फ्रान्समधल्या पिकार्ड बोलीतल्या एका शब्दापर्यंत नेतात. त्याच्याही मुळाशी लॅटिन ‘कामेरा’ आहे, म्हणजे पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेला ‘कमरा’ याच घराण्यातला. नाचाचा इथे कुठे संबंधच नाही. (गुत्ताही असाच सरकलेला शब्द. मूळ अर्थ मक्ता किंवा ठेका. मराठवाड्यात कंत्राटदाराला अजून गुत्तेदारच म्हणतात.)

या गुत्त्याला कलेचं अंग आलं ते पॅरिसच्या मोंमार्त्र भागात. रोदोल्फ सालिस याने 1881 साली तिथे ‘शा नुआर’, म्हणजे ‘काळी मांजर’, सुरू केलं. कवी एमिल गुदो याच्याभोवती जमणारी तरुण कवींची मंडळी इथे येऊन आपल्या कविता म्हणू लागली. पुढच्याच वर्षी जागेचं स्वतःचं साप्ताहिक निघालं. संगीतकार एरिक साती काही काळ इथे पियानो वाजवत असे. चित्रकार आंरी रिव्हिएरने तर इथे छायानाट्याचा मंच उभा केला: जस्ताच्या पत्र्यातून कापलेल्या आकृत्या, मागून प्रकाश, सोबत संगीत आणि सालिसचं निवेदन. वाढप्यांच्या अंगावर फ्रेंच अकादमीच्या सदस्यांचा हिरव्या भरतकामाचा गणवेश असे. सरकारमान्य साहित्याची एवढी उघड थट्टा, तीही हातात बियरचे पेले घेऊन! ‘कलावंतांचं कॅबरे’ म्हणतात ते हे.

कॅफेचं तसं नव्हतं. व्हिएन्नाच्या कॅफे सेंट्रलमध्ये लेखक पेटर आल्टेनबेर्ग इतका पडीक असे की त्याची टपालही त्याच पत्त्यावर यायची. तिथे वाचायचं, वाद घालायचे, बुद्धिबळ खेळायचं. पण उठून प्रयोग करायचा नाही. कॅबरेत मात्र कोपऱ्यात का होईना, मंच लागतो. ‘कॅफे’ लिहिलंत की नेमका तो मंचच भाषांतरातून गळतो.

आणि ‘कॅबरे व्होल्तेर’मध्ये तर सगळं घडलं ते मंचावरच. जर्मन कवी हुगो बाल आणि गायिका-कवयित्री एमी हेनिंग्ज यांनी 5 फेब्रुवारी 1916 रोजी झ्युरिकच्या श्पीगेलगासे या गल्लीत ते उघडलं. बाहेर महायुद्ध पेटलेलं, आणि स्वित्झर्लंड तटस्थ म्हणून ठिकठिकाणचे कलावंत तिथे आश्रयाला आलेले. त्याच वर्षी जूनमध्ये बाल पुठ्ठ्याच्या पोशाखात उभा राहिला. पाय चकचकीत निळ्या नळकांड्यात, डोक्यावर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची उंच टोपी. त्याला चालताच येईना, म्हणून अंधारात उचलून मंचावर आणावं लागलं. मग त्याने ‘गाडजी बेरी बिंबा’ अशा, कुठल्याही भाषेत नसलेल्या शब्दांची कविता म्हटली. तोफांच्या काळात वर्तमानपत्रांनी नासवलेली भाषा आपण नाकारतो आहोत, असं तो म्हणत होता. कलेतले रूढ संकेत आणि अर्थ मुद्दाम उधळून लावणारी ‘दादा’ ही कलाचळवळ इथून सुरू झाली.

मग नाच आला कुठून? मोंमार्त्रमध्येच 1889 साली ‘मुलां रूज’ उघडलं आणि तिथला कॅनकॅन हा नाच जगभर गाजला. पुढे जेवताना समोर नाचगाणं, या अर्थाने इंग्रजीत कॅबरे रूढ झाला, तिथून मुंबईच्या हॉटेलांत आणि हिंदी सिनेमात आला. जर्मन लोकांनी यावर तोडगा काढला आहे: शेवटचा ‘ट’ उच्चारून म्हटलेलं ‘काबारेट’ म्हणजे राजकीय व्यंग्याचा प्रयोग, आणि फ्रेंच ढंगाचं ‘कॅबरे’ म्हणजे नाचगाण्याचा कार्यक्रम.

आपल्याला लिंगभेदाने हे साधता येईल. नाच तो कॅबरे: ‘तिने कॅबरे केला’. जागा ते कॅबरे: ‘बालने झ्युरिकमध्ये कॅबरे उघडलं’. पहिल्या उल्लेखाला ‘कलावंतांचं कॅबरे’ असं विशेषण जोडावं, पुढे नुसतं ‘कॅबरे’ पुरेल. ‘नृत्यगृह’ मात्र कुठेच वापरू नये.