व्हिडिओ पाहताना कोडिंग समजतं, स्वतः लिहायला बसलं की अडतं, आणि ऑनलाइन ग्रुपवर विचारलं तर कोणी धड उत्तर देत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की बटण दाबल्यावर काहीच होत नव्हतं, म्हणून ग्रुपवर 'कोड चालत नाहीये, प्लीज मदत करा' असं लिहून स्क्रीनचा फोटो टाकलात, आणि एकाने 'आधी नीट प्रश्न विचारायला शिका' एवढंच ऐकवलं. सूर उद्धट होता, मान्य. पण म्हणणं चुकीचं नव्हतं. फक्त 'नीट' म्हणजे काय तेही त्याने सांगायला हवं होतं. अशा ग्रुपांवर मी बरीच वर्षं नवशिक्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतो, तेव्हा पलीकडच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

फोटोतला कोड चालवून बघता येत नाही. उत्तर देणारा स्वतःचा वेळ काढून बसलेला असतो, तो तुमच्या ओळी पुन्हा टाइप करणार नाही. कोड मजकूर म्हणून चिकटवा किंवा कोडपेनवर (ब्राउझरमध्येच कोड लिहून चालवता येणारी साइट) टाकून लिंक द्या. एवढं केलंत तरी उत्तरं वाढतील. पण खरा फायदा कोड लहान करण्यात आहे, आणि तो उत्तर देणाऱ्यापेक्षा तुमचा जास्त आहे.

तुमचं बटणच घेऊ. पेजवर मेनू असेल, फोटो असतील, एखादा फॉर्म असेल, शेकडो ओळींचं सीएसएस (पानाचं रंगरूप ठरवणारा कोड) असेल. त्या फाइलची एक प्रत काढा आणि प्रतीतून एकेक गोष्ट उडवायला लागा. सीएसएस काढलं, बटण अजून बंदच. म्हणजे घोळ तिथे नाही. मेनू काढला, फॉर्म काढला, तरी तेच. शेवटी उरतं एक बटण आणि चार ओळींचं जावास्क्रिप्ट (बटण दाबल्यावर काय व्हावं ते सांगणारा कोड). आता एफ१२ दाबून ब्राउझरचा कन्सोल, म्हणजे एरर दाखवणारी खिडकी, उघडा. तिथे लाल अक्षरांत 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल' असं काहीतरी दिसेल. तुमचा पूर्ण कोड मी पाहिलेला नाही, पण नवशिक्यांच्या बटणाबाबत कारण बहुधा हेच निघतं: जावास्क्रिप्ट जोडणारा स्क्रिप्ट टॅग वर हेडमध्ये, म्हणजे पानाच्या दिसणाऱ्या भागाच्या (बॉडीच्या) आधी आहे. ब्राउझर पान वरून खाली वाचत जातो. स्क्रिप्ट चालली तेव्हा बटण अजून तयारच झालेलं नव्हतं, म्हणून पानातली वस्तू शोधून देणाऱ्या क्वेरीसिलेक्टरने 'नल' (म्हणजे 'काहीच नाही') हातात दिलं, आणि 'नल'वर क्लिकचा लिसनर (क्लिक झाल्यावर चालणारा कोड) लावता येत नाही. स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये असेल तर त्या टॅगमध्ये 'डिफर' लिहा, म्हणजे सगळं पान वाचून झाल्यावरच ती चालेल. नाहीतर टॅग बॉडीच्या अगदी शेवटी न्या.

इथे एक गोष्ट लक्षात आली का? कोड उडवत उडवत इथवर पोचलात की प्रश्न 'कोड चालत नाहीये' असा राहत नाही. तो 'स्क्रिप्ट हेडमध्ये असताना बटण नल का येतं?' असा होतो, आणि असा प्रश्न दिसला की उत्तर द्यायला चार जण धावतात. निम्म्या वेळा तर प्रश्न पोस्टच करावा लागत नाही, कारण लिहिता लिहिता उत्तर सापडतं. व्हिडिओ पाहताना हे काम दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. चुकलेलं सगळं कापून उरलेला सरळ रस्ता तेवढा तुम्हाला दिसतो, म्हणून 'समजतं'.

तुमचा गोंधळ वाढवणारं आणखी एक कारण आहे आणि ते कोर्समध्ये सहसा कोणी सांगत नाही. एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या वेबच्या तिन्ही भाषा चुका वेगवेगळ्या तऱ्हेने पचवतात. एचटीएमएलमध्ये टॅग बंद करायचा राहिला तरी ब्राउझर तक्रार करत नाही, स्वतःच्या अंदाजाने दुरुस्त करून टाकतो. म्हणून 'व्ह्यू सोर्स'मध्ये तुम्ही लिहिलेलं दिसतं आणि एफ१२ने उघडणाऱ्या डेव्हटूल्सच्या एलिमेंट्स पॅनेलमध्ये ब्राउझरने दुरुस्त केलेलं. दोन्ही ताडून पाहिलं की चूक सापडते. सीएसएसमध्ये न कळलेली ओळ ब्राउझर गुपचूप सोडून देतो, आणि एखादा अर्धविराम विसरलात तर खालची ओळही सोबत जाते. डेव्हटूल्समध्ये अशी ओळ खोडलेली दिसते. जावास्क्रिप्ट मात्र न सांभाळलेला एरर आला की तिथेच थांबतं. सुरुवातीला लाल एररची भीती वाटते; मला तर तिन्हींत तोच सगळ्यात प्रामाणिक वाटतो, फाइलचं नाव आणि ओळीचा नंबरही देतो. तो एरर जसाच्या तसा प्रश्नात चिकटवा. 'काहीतरी एरर येतोय' यावर कोणी काय बोलणार?

जावास्क्रिप्टच्या विचित्रपणाने खचू नका. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपसाठी तिची पहिली आवृत्ती १० दिवसांत उभी केली होती, आणि जुन्या वेबसाइट मोडू नयेत म्हणून तेव्हाच्या कित्येक गोष्टी आजही तशाच ठेवल्या आहेत. तुम्ही कॅल्क्युलेटर बनवाल तेव्हा ५ अधिक ३ चं उत्तर ५३ येईल. इनपुटच्या चौकोनातून येणारी किंमत ही स्ट्रिंग, म्हणजे आकडा नव्हे तर मजकूर असते, आणि स्ट्रिंगला अधिक लावलं की जोडणी होते. नंबर() मध्ये घालून मग बेरीज करा. ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही हे मात्र जावास्क्रिप्टचं पाप नव्हे. दशांश संख्या बायनरीत साठवणाऱ्या बहुतेक भाषांत तेच होतं.

रिअॅक्ट वगैरे तयार लायब्ररींची घाई आत्ता नको. वरचं बटण, कॅल्क्युलेटर आणि पान रीफ्रेश केल्यावरही टिकणारी कामांची यादी कोणाचा व्हिडिओ न लावता बनवता आली की मग बघा.

कुठे विचारायचं, हेही महत्त्वाचं. २००८ साली सुरू झालेलं स्टॅक ओव्हरफ्लो मुळात पुढे शोधत येणाऱ्यांसाठी प्रश्नोत्तरं साठवण्याच्या कल्पनेवर उभं आहे, म्हणून तिथे आधी विचारलेला प्रश्न पुन्हा आला की बंद करतात. तो तुमचा अपमान नसतो. नवशिक्याने तिथे शोधावं, आणि विचारायला फ्रीकोडकॅम्पच्या फोरमवर किंवा द ओडिन प्रोजेक्टच्या डिस्कॉर्डवर जावं. दोन्हींचा अभ्यासक्रमही फुकट आहे. एखाद्या टॅगचा किंवा फंक्शनचा नेमका अर्थ हवा असेल तर एमडीएन (वेबच्या भाषांची माहिती देणारी संदर्भ साइट) उघडा, तिथे माणसांना त्रास द्यायची गरज नाही.

एआयला विचारायला माझी हरकत नाही, पण त्याने लिहून दिलेला आणि स्वतःला न समजलेला कोड ग्रुपवर आणून 'हा का चालत नाही' विचारलंत तर लोकांच्या लगेच लक्षात येतं, आणि मग ते उत्तर देत नाहीत.

कोड टाकण्याआधी त्यात पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली) राहिली नाही ना ते बघा. कोड साठवायच्या गिटहब साइटवर एकदा पुश झालेली (चढवलेली) एपीआय की पुढच्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) खोडली तरी जुन्या इतिहासात तशीच राहते. असं झालं तर खोडाखोड करत बसू नका, ती की रद्द करून नवी घ्या.

आणि उत्तर मिळाल्यावर 'झालं, थँक्यू' म्हणून गायब होऊ नका. काय चुकलं होतं आणि कशाने सुटलं ते तुमच्याच प्रश्नाखाली दोन ओळींत लिहा. तोच एरर शोधत येणारा पुढचा माणूस त्याच पानावर येणार आहे.