सोलापूरच्या गच्चीत उभी स्ट्रॉबेरी
जुना पीव्हीसी पाइप उभा करून त्यात स्ट्रॉबेरी लावण्याचा तुमचा बेत चांगला आहे. मात्र रोपे ऑक्टोबरअखेरीस किंवा नोव्हेंबरमध्ये लावा, कारण आपल्याकडे मार्चनंतर तापलेल्या पाइपात मुळे तग धरत नाहीत. पाइपात शेतातली काळी माती भरू नका. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत पुरे. लावताना पानांच्या बुडाशी असलेला गाभा या मिश्रणाच्या वरच राहिला पाहिजे. तो गाडला गेला की कुजतो, आणि माझी पहिली बारा रोपे अशीच गेली. वरून ओतलेले पाणी खालच्या रोपांपर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून मधोमध भोके पाडलेली बारीक नळी उभी ठेवून तिच्यातून पाणी द्या. बोअरचे क्षारयुक्त पाणी शक्यतो टाळा. पानांच्या कडा करपतात. फवारणीचे पुढे पाहू.