वार्षिक प्लॅन घेण्याआधी पैसे कोणामार्फत जातायत ते बघा

तुमची अडचण मला समजली ती अशी: टीव्हीवरच्या अ‍ॅपमधून वर्षभराचा प्लॅन घेतला, पैसे कापले गेले, आणि आता मोबाइलवर 'तुमचा कोणताही प्लॅन सुरू नाही' असं येतंय. कस्टमर केअर तेच ते उत्तर पाठवतंय. शिवाय ज्या मालिकेसाठी प्लॅन घेतला तिचा तिसरा सीझन तिथे नाहीच. म्हणून आता अ‍ॅनिमेसाठी, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांसाठी, दुसऱ्या कोणत्या कायदेशीर सेवेचा वार्षिक प्लॅन घ्यावा, हा तुमचा प्रश्न.

तुलनेकडे येतो, पण आधी तुमचे अडकलेले पैसे. कारण हेच प्रकरण माझ्या बाबतीत झालंय, आणि त्यात माझं अख्खं वर्ष पाण्यात गेलं.

तुमची बहुतेक दोन अकाउंट झाली आहेत. टीव्हीवर किंवा अ‍ॅप स्टोअरमधून पैसे भरताना सेवा तुमची ओळख त्या स्टोअरकडून घेते. तिथे तुमचा ईमेल वेगळा असेल, फोन नंबरने लॉगिन असेल किंवा ईमेल लपवण्याचा पर्याय चालू असेल, तर सेवेकडे गुपचूप नवं अकाउंट तयार होतं आणि प्लॅन त्या अकाउंटला चिकटतो. मोबाइलवर तुम्ही जुन्या ईमेलने आत जाता, तिथे अर्थातच काही दिसत नाही. टीव्हीवर मात्र सगळं चालतं, कारण टीव्ही त्या दुसऱ्या अकाउंटवर आहे. टीव्हीच्या अ‍ॅपमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन तिथे कोणता ईमेल किंवा नंबर दिसतो तो आज लिहून घ्या. सगळ्यात आधी हेच करा, आणि तोवर टीव्हीवरून लॉगआउट अजिबात करू नका.

माझ्या वेळी ही एवढी गोष्ट मला कोणीच सांगितली नाही. सेवेचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. मी त्यांना विचारलं, की ते म्हणत, आमच्या नोंदीत तुमचा प्लॅन नाही, जिथून घेतलात तिथे विचारा. तिथे विचारलं, की ते म्हणत, आमच्याकडे प्लॅन चालू दिसतोय, पैसे पोचलेत, सेवेला विचारा. दोघांच्याही नोंदी बरोबर होत्या! दोन्ही नोंदी एकत्र पाहू शकेल असा माणूस मात्र कुठल्याच टेबलावर नव्हता, आणि आपण तसा माणूस शोधून द्यावा असं कोणाला वाटलंही नाही. प्रत्येक वेळी नवं नाव, नवी 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत', पुन्हा तीच पावती मागायची, पुन्हा तोच स्क्रीनशॉट. मी जुन्या ईमेलच्या साखळीतच उत्तर द्यायचो, तर त्यांच्या यंत्रणेने ते धरलंच नाही आणि 'ग्राहकाकडून प्रतिसाद नाही' म्हणून तक्रार बंद केली. पुन्हा उघडली की नवा क्रमांक, आणि आधीचं सगळं पहिल्यापासून सांगायचं.

शेवटी चॅटवर एका बाईंनी विचारलं, 'तुम्ही फोन नंबरने कधी लॉगिन केलं होतं का?' आणि लगेच उलगडा झाला. प्लॅन दुसऱ्या अकाउंटवर व्यवस्थित बसलेला होता. तोवर त्याची मुदत संपत आली होती. मी परतावा मागितला, तर उत्तर आलं की प्लॅन सक्रिय होता, वार्षिक प्लॅनचा परतावा मिळत नाही. मला याचा अजून राग आहे. जी गोष्ट पहिल्याच उत्तरात विचारता आली असती, ती न विचारता माणसाला इकडून तिकडे फिरवत ठेवायचं आणि मग नियम दाखवायचा, याला सेवा म्हणायची तरी कशी?

तर त्यांना लिहिताना 'प्लॅन दिसत नाही' असं मोघम लिहू नका. 'माझा प्लॅन दुसऱ्या अकाउंटवर आहे, टीव्हीवर दिसणारी ओळख ही, स्टोअरच्या पावतीचा क्रमांक हा, प्लॅन या ईमेलवर हलवा किंवा दोन्ही अकाउंट एकत्र करा' असं थेट लिहा. पावतीवरचा क्रमांक स्टोअरचा असतो, सेवेचा नव्हे, हेही त्यात सांगा, नाहीतर ते तो क्रमांक आपल्याकडे शोधतात आणि सापडत नाही म्हणून मोकळे होतात. परतावा हवा असेल तर तो साधारणपणे स्टोअरकडेच मागावा लागतो, आणि जितक्या लवकर मागाल तितकं बरं. बँकेतून व्यवहारावर वाद घालण्याचा मार्ग असतो, पण तो शेवटचा ठेवा. त्यामुळे स्टोअरचं अकाउंटच गोठवलं जाण्याची शक्यता असते आणि मग त्यातली बाकीची खरेदीही अडकते. मी वकील नाही, ग्राहक कायदे प्रत्येक देशाचे वेगळे आहेत, तेव्हा हे फक्त अनुभवाचं बोलणं समजा.

यापुढे मात्र पैसे थेट सेवेच्या वेबसाइटवर भरा. स्टोअरमधून घेतलेला प्लॅन बहुधा स्टोअरमधूनच रद्द करावा लागतो, आणि स्टोअर स्वतःचा वाटा घेत असल्याने कधी कधी तोच प्लॅन तिथे महागही असतो. नुसतं अ‍ॅप काढून टाकल्याने काहीच रद्द होत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच.

आता तुलना. तिसरा सीझन नाही याचा दोष पूर्णपणे त्या सेवेचा नसतो. बहुतेक अ‍ॅनिमे 'निर्मिती समिती' काढते: प्रकाशक, टीव्ही वाहिनी, संगीत कंपनी, खेळणी बनवणारे असे अनेक जण मिळून पैसे घालतात आणि परदेशातले हक्क प्रदेशानुसार, ठरावीक मुदतीसाठी विकतात. पुढच्या सीझनचा करार वेगळा होऊ शकतो, डबचे हक्क वेगळे असू शकतात, चित्रपटाचे तर बहुतेक वेळा वेगळेच असतात. 'डेमन स्लेयर'चा 'मुगेन ट्रेन' बघा. २०२० साली तो चित्रपट म्हणून आला आणि २०२१ मध्ये तीच कथा टीव्हीसाठी भागांत कापून आली. एखाद्या सेवेवर भाग आहेत आणि चित्रपट नाही, असं सहज होतं. 'ब्लीच'चे जुने ३६६ भाग आणि २०२२ मध्ये सुरू झालेलं नवं पर्व यांचंही तसंच, दोन्ही सगळीकडे एकाच सेवेकडे नाहीत. म्हणून 'कोणाकडे जास्त मालिका' ही तुलना मला निरुपयोगी वाटते. तुम्हाला हव्या त्या मालिकेचे सगळे सीझन, तुमच्या प्रदेशात, तुम्हाला हव्या त्या भाषेत कुठे आहेत, एवढंच बघायचं.

तरी मत विचारलंत म्हणून सांगतो. चालू सीझनमधलं दर आठवड्याला बघणारे असाल, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरला नव्या मालिका धरणारे, तर क्रंचीरोलला पर्याय नाही. २००६ साली ही साइट चाहत्यांनी परवानगीशिवाय चढवलेल्या व्हिडिओंवर सुरू झाली, २००९ मध्ये टीव्ही टोकियोशी करार करून कायदेशीर झाली, आणि २०२१ मध्ये सोनीने ती सुमारे १.१७५ अब्ज डॉलरना घेतली. सोनीकडेच असलेल्या फनिमेशन या दुसऱ्या अ‍ॅनिमे सेवेचा साठा मग २०२२ पासून तिच्यात यायला लागला. सिमलकास्टची, म्हणजे जपानात येताच बाहेरही दाखवल्या जाणाऱ्या मालिकांची, सगळ्यात मोठी यादी तिच्याकडे. पण एवढं सगळं एका हातात गेल्यावर ग्राहकाचं काय होतं तेही बघा: नव्या मालिका जाहिरातींसह फुकट बघण्याची सोय २०२२ मध्ये जवळजवळ संपली, आणि २०२४ मध्ये प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया काढून टाकल्या. प्रत्येक भागाखालच्या त्या चर्चा मला फार हव्याशा होत्या.

नेटफ्लिक्स अ‍ॅनिमेसाठी म्हणून घेऊ नका, घरात आधीच असेल तर वापरा. पूर्वी ते पूर्ण सीझन थांबवून एकदम टाकायचे. 'डिलिशस इन डंजन' २०२४ मध्ये त्यांनी दर आठवड्याला दाखवली, 'डॅनडॅडॅन' त्याच वर्षी क्रंचीरोल आणि नेटफ्लिक्स दोन्हीकडे होती, म्हणजे गोष्टी बदलतायत. अमेरिका आणि जपान सोडून इतर बहुतेक देशांत घिबली या जपानी स्टुडिओचे बहुतांश चित्रपट २०२० पासून नेटफ्लिक्सवर आहेत, आणि माझ्या मते तेवढ्यासाठी एक महिना घेणं सार्थकी लागतं. सबटायटल्स मात्र खटकतात. पाटी, चिठ्ठी, फोनवरचा मेसेज असं पडद्यावर जे जपानीत लिहिलेलं असतं, त्याचं भाषांतर क्रंचीरोलवर बहुधा त्या जागीच बसवलेलं असतं. नेटफ्लिक्सवर ते संवादाच्या ओळीत कोंबतात किंवा गाळतात. २०१९ मध्ये 'इव्हँजेलियन' आणलं तेव्हा बऱ्याच देशांत शेवटचं मूळ गाणंच नव्हतं. कायदेशीर प्रत म्हणजे संपूर्ण प्रत, असं धरून चालू नका.

डिस्ने प्लसकडे थोड्या पण वजनदार मालिका आहेत. 'समर टाइम रेंडरिंग' जपानात २०२२ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली आणि बाहेर बघायला २०२३ उजाडलं, त्यामुळे त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही. प्राइम व्हिडिओने २०१७ मध्ये प्राइमच्या वर वेगळे पैसे घेऊन 'अ‍ॅनिमे स्ट्राइक' काढलं आणि वर्षभरात गुंडाळलं. आता तिथे काय आहे नि काय 'चॅनल'चे जादा पैसे मागतंय, ते प्ले दाबेपर्यंत नीट कळत नाही. ते चॅनल म्हणजेही पुन्हा तिसऱ्यामार्फत पैसे, तुमची आत्ताचीच अडचण. हायडाइव्ह ही अ‍ॅनिमेचीच सेवा २०१७ पासून आहे, २०२३ ची 'ओशी नो को' तिनेच आणली होती, पण आता ती मोजक्या इंग्रजी भाषिक देशांपुरतीच उरली आहे. तिथे राहत असाल तरच विचार करा.

आणि यूट्यूब विसरू नका. म्यूज एशिया आणि अ‍ॅनी-वन एशिया ही हक्कधारक कंपन्यांचीच चॅनल आहेत, आशियातल्या बऱ्याच देशांत ती फुकट आणि पूर्णपणे कायदेशीर आहेत. मुदत संपली की मालिका काढतात, तेव्हा आवडलेली 'नंतर बघू' म्हणून ठेवू नका.

वार्षिक प्लॅनबद्दल माझं मत पक्कं आहे: पहिल्या वर्षी घेऊ नका, कोणाचाच. एक मालिका साधारण बारा-तेरा भागांची असते. सीझन संपत आला की एक महिन्याचा प्लॅन घ्यायचा, तीन-चार मालिका सलग बघायच्या, बंद करायचं, पुढच्या महिन्यात दुसरी सेवा. ज्यांना दर आठवड्याला नव्या भागावर बोलायचं असतं त्यांना हे जमणार नाही, मान्य. 'वन पीस'सारखी १९९९ पासून चाललेली, अकराशेच्या वर भागांची मालिका धरली असेल तरी वेगळा हिशेब. अशा वेळी वार्षिक घ्या, पण आधी तुमच्या प्रदेशात कितव्या भागापर्यंत आहे ते तपासा, कारण नेटफ्लिक्सवर देशागणिक वेगळे भाग सापडतात. कोणती मालिका कुठे आहे यासाठी जस्टवॉच देश निवडून बघा, चालू सीझनसाठी लाइव्हचार्ट. दोन्ही कधी कधी मागे असतात, म्हणून पैसे भरण्याआधी सेवेच्या साइटवर लॉगिन न करता सीझनची यादी उघडून खात्री करा.

व्हीपीएन वापरून दुसऱ्या देशातली यादी उघडा असं कोणी सुचवेलच. बहुतेक सेवांच्या अटींत ते बसत नाही, आणि अकाउंट बंद झालं तर तक्रार करायलाही तोंड राहत नाही. मी तरी सांगणार नाही.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. मोबाइलवर चित्र सतत अंधुक दिसत असेल तर नेटला दोष देण्याआधी डीआरएम इन्फोसारख्या अ‍ॅपमध्ये वाइडवाइनची, म्हणजे व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या यंत्रणेची, पातळी बघा. काही स्वस्त फोन आणि टीव्ही बॉक्सना एल-३ ही सगळ्यात खालची पातळी असते, एल-१ ही सगळ्यात वरची नाही, आणि मग नेटफ्लिक्स किंवा प्राइम कितीही महागडा प्लॅन घेतला तरी एचडी देत नाहीत. हे तपासल्याशिवाय मोठा प्लॅन घेणं म्हणजे पैसे फुकट घालवणं.

आणि ज्या मालिका पुन्हा पुन्हा बघाल त्यांची ब्लू-रे परवडत असेल तर घ्या. 'डिजिटल प्रत कायमची तुमची' या आश्वासनावर जाऊ नका. फनिमेशन २ एप्रिल २०२४ ला बंद झालं, तेव्हा डिस्कसोबतचे कोड टाकून लोकांनी जमवलेल्या डिजिटल प्रती क्रंचीरोलवर आल्याच नाहीत. डिस्क मात्र ज्यांच्याकडे होत्या त्यांच्या अजून चालतायत.

तुमच्या मालिकेचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. ते, तुमचा देश, आणि सबटायटल्स हवीत की डब, एवढं सांगितलंत तर तिसरा सीझन कोणाकडे आहे ते शोधून सांगतो. टीव्हीवरची ती लॉगिनची ओळख मात्र आधी लिहून घ्या.