सण घरात, पाहुणे मोजके

प्रश्न : माझ्या यजमानांचे दात्याच्या पेशी वापरून स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) प्रत्यारोपण झाले, त्याला आता ७२ दिवस झाले आहेत. रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत. सण तोंडावर आला आहे. दरवर्षी आमच्याकडे वीस-पंचवीस माणसे जमतात आणि यंदाही सर्वांनी यावे असा आग्रह त्यांनीच धरला आहे. मला धास्ती वाटते, पण त्यांचे मन मोडवत नाही. काय करावे?

उत्तर : सण जरूर करावा, मात्र तो पंचवीस जणांचा नसावा. रिपोर्ट चांगले आहेत याचा अर्थ नव्या पेशी रुजल्या आणि पांढऱ्या पेशींची संख्या वाढली, एवढाच. दात्याच्या पेशी वापरल्या असतील, तर प्रतिकारशक्ती खऱ्या अर्थाने सावरायला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ जातो. शिवाय त्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटू नयेत म्हणून दिलेली औषधे तिला दाबून ठेवतात. लहानपणीच्या लसींचे संरक्षणही बरेचसे पुसले जाते, आणि गोवर किंवा कांजिण्यांची जिवंत विषाणूची लस तर प्रत्यारोपणानंतर किमान २ वर्षे देत नाहीत. त्यामुळे अंगावर पुरळ असलेले एखादे लाडके नातवंड ही त्यांच्यासाठी साधी गोष्ट नाही.

तीन-चार जण, खिडक्या उघड्या असलेली खोली आणि फार तर तासभर, इतके पुरे. ‘नुसती सर्दीच तर आहे’ असे म्हणणारा पाहुणा प्रत्येक घरात असतो. आदल्या दिवशी फोन करून त्याला स्पष्ट विचारावे आणि नकार तुम्हीच द्यावा, तो देण्याची वेळ यजमानांवर आणू नये. थकवा आला की पाहुण्यांच्या देखत उठून आत जाण्याची मुभा त्यांना आधीच देऊन ठेवावी.

सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही ती गोष्ट म्हणजे माळ्यावरचे सजावटीचे खोके. वर्षभर बंद राहिलेले ते खोके उघडले की धुळीबरोबर बुरशीचे बीजाणू उडतात, आणि अ‍ॅस्परजिलससारख्या बुरशीचा फुप्फुसातील संसर्ग अशा रुग्णांच्या जिवावर बेतू शकतो. खोके दुसऱ्या कोणीतरी घराबाहेर उघडून, पुसून मग सामान आत आणावे. कुंडीतील माती आणि फुलदाणीतील शिळे पाणी यांपासूनही त्यांना दूर ठेवावे.

जेवण ताजे व गरम असावे आणि इतरांचे हात व चमचे भांड्यात पडण्यापूर्वी त्यांचे ताट वाढून घ्यावे. अजून तोंडाला चव नसेल, तर दोन घासांवर ते उठतील. आग्रह करू नये. सुट्टीत औषधांची दुकाने बंद राहू शकतात, म्हणून गोळ्या आधीच आणून ठेवाव्यात.

ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट झाला, तर परस्पर पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नये. त्या गोळीने ताप झाकला जातो, संसर्ग नव्हे. मध्यरात्र असो वा ऐन सणाचा दिवस, प्रत्यारोपण केंद्राला तत्काळ फोन करावा. ‘पाहुणे जाऊ देत, मग बघू’ असे म्हणून अंगातली कणकण लपवणारे रुग्ण कमी नसतात, तेव्हा थर्मामीटर तुमच्याच ताब्यात असू द्या.